शेपटी सोडा, तळहात द्या

गेल्या अंकात विषय होता दूधगंगा आटलेल्या म्हशींचा. ओघात प्रयोगशाळेतल्या पांढऱ्या रॅटबद्दल चार ओळी लिहून गेले आणि पत्रं आली ती नेमकी त्या चार ओळींवर! म्हशीवर एकही नाही. असो. मी पशुवैद्य, आणि नोकरीची सत्तावीस वर्षं एका संशोधन संस्थेच्या प्राणिगृहात गेली, त्यामुळे हा विषय माझ्या घरचाच. या महिन्यात फक्त रॅट.

प्रश्न : मी एम. फार्म.च्या पहिल्या वर्षाला आहे, विषय फार्माकॉलॉजी. रॅटला नळीने औषध पाजायचं असतं. सीनियर सांगतात, शेपटीला धरून उचल. मला दोनदा चावा बसलाय. आता झाकण काढतानाच हात थरथरतात. एकावर एक दोन हातमोजे घालते, तरी भीती जात नाही. काय करू, मॅडम? — एक विद्यार्थिनी, कराड

आधी चाव्याचं सांग. धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलंस का? जखम साबण लावून वाहत्या नळाखाली धुतलीस का? आणि प्राणिगृहाच्या रजिस्टरमध्ये नोंद केलीस का? बहुतेक केली नसशील. कोणीच करत नाही, लाज वाटते. उद्या जाऊन कर.

आता ते दोन हातमोजे. त्यातला एक काढून टाक. जाड हाताला काही जाणवत नाही, मग आपण नको तितकं दाबतो, आणि दाबलेला रॅट चावणारच.

शेपटीबद्दल मी जरा कडक बोलणार आहे. रॅटच्या शेपटीची कातडी आतल्या हाडांवर म्यानासारखी असते. टोकाकडून धरलं आणि रॅटने गिरकी घेतली की म्यान सुटतं. माझ्या नोकरीच्या दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी एका नव्या मुलाच्या चिमटीत नुसतं कातडं राहिलं होतं, आणि रॅट खाली टेबलावर. तो मुलगा त्यानंतर दोन दिवस जेवला नाही. त्या रॅटची उरलेली शेपटी मला भूल देऊन काढावी लागली. क्षणभर धरायचीच वेळ आली तर शेपटीच्या बुडाशी, आणि लगेच दुसरा हात पोटाखाली. लटकवायचं कधीच नाही. रॅटच्या बाजूने बघ : वरून सावली आली, काहीतरी पकडलं, चारही पाय अधांतरी. उघड्यावर हे फक्त घार नाहीतर घुबड करतं.

लिव्हरपूल विद्यापीठात जेन हर्स्ट आणि रिबेका वेस्ट यांनी २०१० साली दाखवलं की शेपटीने उचललेले माइस, म्हणजे रॅटहून लहान जातीचे उंदीर, हाताला बिचकत राहतात. तेच ओंजळीत किंवा नळकांड्यात घेऊन उचलले की आपणहून हाताजवळ येतात. ते काम माइसवरचं आहे, रॅटवरचं नाही, हे तुझ्या सीनियरने विचारण्याआधी मीच सांगते. पण रॅटला हात लवकर कळतो. तो माइसपेक्षा खूपच माणसाळणारा प्राणी आहे.

आमच्याकडे एक मामा होते. प्राणिगृहातले सगळ्यांत जुने सेवक, शिक्षण सातवी. मी रॅट उचलायला त्यांच्याकडून शिकले, पदवीच्या पुस्तकातून नाही. मामा रॅकमधून पिंजरा ओढायचे तो चुलीवरचं दुधाचं पातेलं उतरवावं तसा, डुचमळू न देता. जाळीचं झाकण बाजूला ठेवायचं आणि काहीच करायचं नाही. दहा-पंधरा सेकंद. मग हात बाजूने, तळाशी, तुसावर टेकवून ठेवायचा. रॅट येतात, हुंगतात, मिशा लावून जातात. त्यातल्या एकाच्या छातीखालून तळहात सरकवायचा, अंगठा आणि बोटं पुढच्या पायांच्या मागे सैल वेढायची, दुसरा हात ढुंगणाखाली. उचललं की लगेच अंगाशी. कोपराच्या खाचेत डोकं खुपसायला मिळालं की बहुतेक रॅट गप्प होतात. छातीभोवती मूठ आवळायची नाही; बरगड्या हलल्या नाहीत तर त्याला श्वास घेता येत नाही आणि तो जीव खाऊन धडपडतो.

तुझी खरी अडचण मला दुसरीकडे दिसते. तू रॅटला हात लावतेस तो फक्त नळी घालायला. त्याच्या लेखी तुझा हात म्हणजे घशात नळी. तेव्हा पहिला डोस द्यायच्या आधी आठवडाभर रोज उचल, वजन कर, मांडीवर दोन मिनिटं ठेव, परत सोड. बस्स. तुझे रॅट आणि तुझे हात, दोन्ही शांत होतील.

(मामा खिशात चुरमुरे ठेवायचे. प्रत्येक रॅटला एक दाणा. मी त्यांना त्यावरून फैलावर घेतलं होतं, कारण आहाराच्या प्रयोगातल्या रॅटलाही ते सोडायचे नाहीत. तू आधी गाईडना विचार.)

प्रश्न : रॅटला गुदगुल्या केल्या की तो हसतो, असं नातीने मोबाइलवर दाखवलं. हे खरं, की हल्ली दिसतं तसलं बनवलेलं काही? — एक निवृत्त शिक्षक, सांगली

खरं आहे, गुरुजी. ‘हसतो’ म्हणायचं की नाही यावर विद्वानांत वाद आहे, पण आवाज काढतो हे नक्की. तो आपल्याला ऐकू येत नाही. माणसाचा कान फार तर २० किलोहर्ट्झपर्यंत पोचतो. हा आवाज ५० किलोहर्ट्झच्या आसपासचा. अमेरिकेत ओहायोमध्ये याक पँकसेप यांच्या प्रयोगशाळेने १९९० च्या दशकाच्या अखेरीस वटवाघळांचे आवाज पकडणारं यंत्र लावून तो ऐकला. रॅटची पिल्लं आपसात मस्ती करतात तेव्हाही तोच आवाज निघतो. भ्यालेला, दुखावलेला रॅट मात्र २२ किलोहर्ट्झला लांबलचक ओरडतो, आणि तेही आपल्या कानापलीकडेच. म्हणजे आम्ही इतकी वर्षं शांत समजून ज्या खोलीत वावरलो ती शांत असेलच असं नाही. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नव्हती.

बर्लिनमध्ये २०१६ साली आणखी एक गंमत दिसली. त्याच रॅटला उंच फळीवर, झगझगीत उजेडात ठेवून गुदगुल्या केल्या तर तो आवाज जवळजवळ बंद पडतो. घाबरलेल्याला कसलं हसू येतंय!

आणि हे नुसतं कौतुक नाही. इंजेक्शन टोचण्याआधी तीन दिवस, रोज फक्त पंधरा सेकंद गुदगुल्या केल्या तरी कोवळे रॅट माणसाला कमी घाबरतात, असं अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात दिसलं आहे. मानेवर बोटं नाचवायची, अलगद उताणं करायचं, पोटावर गुदगुल्या, सोडून द्यायचं. महिन्याच्या आसपासची पिल्लं यात रमतात. मी निवृत्तीच्या आधीच्या वर्षी करून पाहिलं. आवाज ऐकायचं यंत्र नव्हतं, पण तिसऱ्या दिवशी दोन पिल्लं माझ्या बोटांमागे पिंजराभर धावत होती. पाचव्या पिल्लाला ते अजिबात आवडलं नाही. त्याला सोडून दिलं.

प्रश्न : पीएच.डी.चं चौथं वर्ष चालू आहे. कंट्रोल गटातल्या, म्हणजे तुलनेसाठी ठेवलेल्या रॅटचं कॉर्टिकोस्टेरॉन दर खेपेला वेगळंच येतं. औषध नाही, काही नाही, तरी आकडे दुपटीने वरखाली. गाईड म्हणतात, ते मोजायचं किट बदल. किट महाग आहे. — एक संशोधक, पुणे

किट राहू द्या. आधी मला सांगा, रक्त किती वाजता काढता, आणि पिंजऱ्याला हात लागल्यापासून रक्त हातात येईपर्यंत किती मिनिटं जातात?

इतर वाचकांसाठी : माणसात ताणाचं मुख्य संप्रेरक कॉर्टिसॉल, रॅटमध्ये कॉर्टिकोस्टेरॉन. रॅट दचकला की दोन-तीन मिनिटांत ते रक्तात वाढायला लागतं आणि पंधरा ते तीस मिनिटांत शिगेला पोचतं. एका पिंजऱ्यात चार रॅट असतील, पहिल्याचं रक्त दुसऱ्या मिनिटाला काढलं आणि चौथ्याचं बाराव्या, तर चौथ्याच्या आकड्यात तुमच्या प्रयोगाबरोबर पहिल्या तिघांची धडपडही आली. त्यात हे संप्रेरक दिवसभर सारखं नसतं. रॅट रात्रीचा प्राणी. सकाळी ते सर्वांत कमी आणि दिवे मालवायच्या सुमारास सर्वांत जास्त. एका खेपेला सकाळी दहाला आणि दुसऱ्या खेपेला सेंट्रीफ्यूज (रक्त गरगर फिरवून त्यातले घटक वेगळे करणारं यंत्र) मोकळा नव्हता म्हणून दुपारी चारला रक्त काढलं असेल, तर बिचाऱ्या किटला कशाला दोष?

आमच्याकडे एका मुलीचे आकडे असेच उडायचे. आम्ही पाणी तपासलं, पेलेटची, म्हणजे खाद्याच्या गोळ्यांची बॅच तपासली, पिपेट कॅलिब्रेट करून आणल्या. शेवटी मामा चहाचा कप ठेवत म्हणाले, “मॅडम, ताई मंगळवारी आल्या की गडबड होते. मंगळवारी आपण पिंजरे बदलतो.” झालं! सकाळी सगळ्या रॅटना त्यांच्या ओळखीच्या वासातून उचलून कोऱ्या, वाफेने निर्जंतुक केलेल्या तुसात टाकायचं, आणि तासाभराने ही त्यांचं रक्त काढायची. पिंजरा बदलला की रॅटचे ठोके वाढतात, तो इकडेतिकडे भिरभिरतो, नव्या जागेवर परत आपला वास लावत बसतो. तिने गुरुवार धरला. आकडे जागेवर आले.

जोनाथन बाल्कोम आणि सहकाऱ्यांनी २००४ साली असे ऐंशी अभ्यास एकत्र चाळले होते. नुसतं हाताळणं, रक्त काढणं, नळीने पाजणं, या रोजच्या तीन गोष्टींनीसुद्धा नाडी, रक्तदाब, संप्रेरकं बदलतात आणि तो बदल अर्धा तास किंवा जास्त टिकतो. आपण ‘काही केलं नाही’ असं ज्याला म्हणतो, त्यात हे सगळं धरलेलंच नसतं.

तुमच्या वहीत आणखी काही रकाने वाढवा. रक्त कोणी काढलं? कॅनडात मॅकगिल विद्यापीठात जेफ्री मोगिल यांच्या गटाने २०१४ साली दाखवलं की खोलीत पुरुष असला, किंवा त्याने रात्रभर घातलेला टी-शर्ट नुसता जवळ ठेवला, तरी माइस आणि रॅटचा ताण वाढतो, आणि त्यामुळे वेदना कमी दिसते. बाईच्या टी-शर्टने तसं होत नाही. म्हणून पुरुषांना बाहेर काढा असं मी म्हणत नाही. एका प्रयोगात एकच माणूस ठेवा आणि तो आत आल्यावर लगेच सुरुवात करू नका. घरी मांजर असेल तर अ‍ॅप्रन तरी प्राणिगृहातलाच घाला.

खोलीतून प्रयोगशाळेत कसं नेता? ट्रॉलीचं चाक करकरतं का? रॅटला सुमारे ८० किलोहर्ट्झपर्यंत ऐकू येतं. जोरात सोडलेला नळ, एखादं जुनं यंत्र यांतून आपल्याला न कळणारा गोंगाट होत असतो. वरच्या मजल्यावर ड्रिलिंग चालू होतं का, हेही लिहा. दिवाळीच्या चार दिवसांत आम्ही रक्त काढायचंच बंद केलं होतं. मागच्या सोसायटीतले सुतळी बॉम्ब आमच्या दुहेरी दारांनाही जुमानायचे नाहीत. रात्री पहारेकरी दिवा चालू ठेवतो का, ते एकदा स्वतः जाऊन बघा. बारा तास अंधार कागदावर असतो आणि दाराच्या काचेतून कॉरिडॉरची ट्यूब आत येत असते. रॅकच्या सर्वांत वरच्या ओळीतले रॅट तर भर उजेडात. या पांढऱ्या रॅटच्या डोळ्यांत रंगद्रव्य नसतं, जास्त उजेडाने त्यांचा डोळ्यांचा पडदा खराब होतो. गट पाडताना एक आख्खा गट वरच्या ओळीत आणि दुसरा खालच्या, असं तर केलं नाही ना?

एप्रिलमध्ये एसी किती वेळा बंद पडला? आपल्याकडच्या मार्गदर्शक सूचनांत १८ ते २९ अंश म्हटलंय. रॅटला घाम येत नाही. तो उष्णता बाहेर टाकतो मुख्यतः शेपटीतून, आणि फारच झालं तर लाळ अंगाला फासतो. लाळेने ओले रॅट दिसले त्या दिवसाचा आकडा बाजूला ठेवा.

आणि नाक पिंजऱ्याच्या जाळीपर्यंत खाली नेऊन एकदा श्वास घ्या. खोलीत उभं राहून वास येत नाही म्हणजे पिंजऱ्यात अमोनिया नाही, असं नसतं.

एवढं करूनही आकडे उडाले तर मग किट बदला.

प्रश्न : आमचं अंबडला छोटं वर्कशॉप आहे. प्राणिगृहाच्या पिंजऱ्यांना स्टीलची झाकणं बनवून देण्याची ऑर्डर आहे. रॅटच्या पिंजऱ्याची उंची १७.८ सेंटिमीटर कशी काय ठरली? असा विचित्र आकडा का? — एक उद्योजक, नाशिक

कारण ते सात इंच आहेत! आकडा मुळात इंचातला, सेंटिमीटरमध्ये आणल्यावर असा दिसतो. अमेरिकी मार्गदर्शिकेतही तोच आहे आणि प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख करणाऱ्या आपल्या केंद्रीय समितीच्या सूचनांतही तोच आला. लक्षात ठेवा, ते ‘किमान’ आहे. ग्राहक मात्र ते ‘पक्कं माप’ समजून ऑर्डर देतात.

पूर्ण वाढलेला नर मागच्या पायांवर ताठ उभा राहिला तर सात इंचांत मावत नाही. आणि रॅटला उभं राहायला आवडतं. काही ऐकलं, काही हुंगलं की तो आधी उभा राहतो. कॅनडात ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात मकोव्स्का आणि वेअरी यांनी २०१६ साली काही रॅट उंच, माती भरलेल्या प्रशस्त पिंजऱ्यांत ठेवले. ते उभे राहिले, चढले, बिळं खणली. नेहमीच्या पिंजऱ्यातले रॅट त्याऐवजी आडवं अंग ताणत राहायचे, आखडलेलं अंग मोकळं करायला करतात तसं. लांबच्या एसटी प्रवासात आपण जे करतो तेच.

जमिनीचं मापही सांगते. ३०० ते ४०० ग्रॅमच्या एका रॅटला २५८ चौरस सेंटिमीटर. टपाल खात्याची दोन पोस्टकार्डं शेजारी शेजारी ठेवा, जवळजवळ तेवढी.

तुमच्या हातात झाकण आहे. दाण्यापाण्याच्या जागेचा खड्डा आत जितका खोल उतरतो तितकी रॅटची उंची आणखी कमी होते. तो खड्डा एका बाजूला सरकवून बाकीचं झाकण सपाट किंवा थोडं उंच देता आलं तर ग्राहकाला नमुना दाखवा. आणि तळाला जाळी मागितली तर कारण विचारा. जाळीवर उभं राहून जड रॅटच्या पायांना फोडं येतात. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत मी रोज तीच ड्रेसिंग करायचे. सलग तळ आणि त्यावर तूस किंवा मक्याच्या कणसाचा भरडा, हे रॅटला कितीतरी बरं. चार इंची पीव्हीसी पाइपचा वीतभर तुकडा आत टाकायला सांगा, कडा घासून. तुमच्या वर्कशॉपात असे तुकडे भंगारात जात असतील. लपायला जागा मिळाली की रॅटचा दिवस निघतो. आणि एकट्याला ठेवू नका म्हणावं. दोन तरी हवेतच.

प्रश्न : मुलाने दोन रॅट पाळलेत. एकाच्या डोळ्यांतून रक्त येतंय! — एक वाचक, म्हापसा

बहुधा रक्त नाही. रॅटच्या डोळ्यामागच्या ग्रंथीतून लालसर स्राव येतो, त्यात पॉर्फिरिन नावाचं रंगद्रव्य असतं. निरोगी रॅट तो चाटूनपुसून टाकतो. ताण असला, आजार असला की स्राव वाढतो आणि पुसायचं राहून जातं. घरात नवं काय आलं ते बघा : कुत्रा, रंगकाम, पाहुण्यांची मुलं? श्वास घेताना घरघर येत असेल तर मात्र वाट पाहू नका, डॉक्टरकडे न्या.

प्रश्न : माझं धान्याचं दुकान आहे. गोदामातले उंदीर दरवर्षी पोत्यांचं वाटोळं करतात. तुम्ही लोक त्याच उंदराला एसी लावता, गुदगुल्या करता, आणि शेवटी मारताच ना? मग कशाला हे सोंग? — एक व्यापारी, लातूर

तो उंदीर तोच नाही, हे आधी. तुमच्या पोत्यांतला बहुधा काळा घरउंदीर. आमचा पांढरा हा तपकिरी रॅटचा वंशज. फिलाडेल्फियाच्या विस्टार संस्थेत १९०६ पासून प्रयोगासाठी म्हणून वाढवलेला वंश. शंभरावर वर्षं तो पिंजऱ्यातच जन्मतो. तुमचा उंदीर तुमच्याशी भांडतोय, त्याला पळायची वाट आहे. आमच्याला आम्ही जन्माला घातलं आणि दार आमच्याच हातात.

प्रश्न बोचरा आहे, टाळत नाही. कायद्याचं उत्तर असं की १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली केंद्राची समिती आहे, १९९८ चे नियम आहेत, संस्थेत नैतिक समिती आहे. तिच्या मंजुरीशिवाय एक रॅटही घेता येत नाही. हिशेबाचं उत्तर असं की भेदरलेल्या रॅटचे आकडे विस्कळीत येतात, मग तोच प्रयोग पुन्हा करायला आणखी रॅट लागतात. रसेल आणि बर्च यांनी १९५९ सालीच सांगितलं : शक्य तिथे प्राणी वापरू नका, वापरलेच तर कमी वापरा, आणि त्यांना त्रास कमी द्या. ही दोन्ही उत्तरं मी समित्यांपुढे पुष्कळदा दिली.

पण तुम्ही विचारताय ते वेगळं. मारताच ना? हो, बहुतेक वेळा. ते त्यांच्या ओळखीच्या पिंजऱ्यात, सोबत्यांबरोबर आणि आधी भूल देऊन व्हावं, एवढं मी पाहिलं. सुरुवातीच्या काळात तेवढंही पाहिलं नाही. नुसता कार्बन डायऑक्साइड सोडायचो, आणि रॅटला तो सहन होत नाही हे दिसत असून ‘पद्धत आहे’ म्हणायचो. त्याला सोंग म्हणा हवं तर. मधल्या दोन महिन्यांत त्या रॅटला शेपटीने लटकवलं नाही, याची किंमत त्या दोन महिन्यांपुरती तरी त्याच्या लेखी आहेच.

प्रयोग संपायच्या तारखा मी फळ्यावर लिहायचे. त्या दिवशी मामांचा रजेचा अर्ज टेबलावर असायचा. कारणाच्या रकान्यात कधी ‘घरगुती’, कधी ‘शेतीचं काम’. मामांना शेती नव्हती. मी सही करून द्यायचे.